दुसरा मार्क्वेस ऑफ स्लायगो : गुलामांचा मालक, जमैकाचा गव्हर्नर आणि त्याचे घराणे

प्रस्तावना

'गुलामगिरी' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला महात्मा जोतीराव फुले यांचा १८७३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आठवतो. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना फुल्यांनी तो अर्पण केला. त्यामुळे अमेरिकेतील यादवी युद्ध आणि अब्राहम लिंकन यांचे कार्य आपल्याकडे बऱ्यापैकी परिचित आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी मात्र त्याच्या एक पिढी आधी, १८३४ ते १८३८ या चार वर्षांत, अगदी वेगळ्या मार्गाने संपुष्टात आली. तेथे युद्ध झाले नाही. तेथे मालकांना पैसे देण्यात आले. या व्यवहारात कोण कोणत्या बाजूस उभे होते, हे पाहू गेल्यास सरळ उत्तर मिळत नाही.

प्रस्तुत लेखात हाऊ पीटर ब्राऊन, दुसरा मार्क्वेस ऑफ स्लायगो (१७८८–१८४५) या आयरिश उमरावाचे चरित्र व त्याच्या घराण्याचा इतिहास यांचा विचार केला आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेस्टपोर्ट या गावी त्याचे स्मरण 'गुलामांचा मुक्तिदाता' म्हणून केले जाते. दुसरीकडे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने गुलामांच्या मालकांना मिळालेल्या भरपाईची जी सूची २०१३ पासून सर्वांसाठी खुली केली, तीतही त्याचे नाव आढळते. २८६ गुलामांपोटी सुमारे ५,५२६ पौंड, अशी ती नोंद आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांपैकी एक सांगून दुसरी झाकण्याचा मोह चरित्रकाराला होतो, तो टाळावयास हवा.

घराणे आणि साखर

मेयो परगण्यातील ब्राऊन घराणे आपला एक धागा सोळाव्या शतकातील ग्रेस ओ'मॅली हिच्याशी जोडते. ही गलबतांचा ताफा बाळगून समुद्रावर सत्ता गाजविणारी सरदारीण होती. तिच्या वंशातील मॉड बर्क हिच्याशी कर्नल जॉन ब्राऊन याचा विवाह झाला. पुढे कॅथलिकांच्या मालमत्तेवर कठोर निर्बंध घालणारे कायदे आले, तेव्हा घराणे प्रॉटेस्टंट पंथात गेले आणि जमीन शाबूत राहिली. अठराव्या शतकात वेस्टपोर्ट येथे भव्य वाडा उभा राहिला आणि घराण्याला अर्ल ऑफ आल्टामाँट हा किताब मिळाला.

जमैकाशी संबंध आला तो विवाहातून. १७५२ साली पीटर ब्राऊन (पुढे दुसरा अर्ल) याने एलिझाबेथ केली हिच्याशी लग्न केले. तिचा पिता डेनिस केली हा मूळचा गॉलवे परगण्यातला, पण जमैकात जाऊन तेथील मुख्य न्यायाधीशपदापर्यंत चढलेला आणि उसाच्या मळ्यांचा धनी होता. या लग्नामुळे केलीज् आणि कोको वॉक या दोन जमैकी मालमत्ता ब्राऊन घराण्यात आल्या. वेस्टपोर्टच्या वाड्यात राहणाऱ्या बहुतेकांनी हे मळे डोळ्यांनी कधी पाहिले नाहीत. मळ्यावर कारभारी, त्याच्या हाताखाली मुकादम, मुकादमाच्या हाती चाबूक आणि मालकाच्या हाती वर्षअखेरीचा हिशेब अशी ती व्यवस्था होती. दूरस्थ मालकीचा हा प्रकार वेस्ट इंडीजमध्ये सर्वत्र रूढ होता. गुलामगिरी इंग्लंड-आयर्लंडच्या सभ्य समाजाला इतकी वर्षे अदृश्य राहू शकली, याचे एक कारण त्यातच आहे.

हाऊ पीटरचा पिता जॉन डेनिस याने १८०० साली आयर्लंडच्या संसदेचे ब्रिटिश संसदेत विलीनीकरण करण्यास पाठिंबा दिला आणि त्याचे फळ म्हणून तो मार्क्वेस ऑफ स्लायगो झाला. त्याचा भाऊ डेनिस ब्राऊन याने १७९८ च्या उठावानंतर इतक्या लोकांना फासावर चढविले की, मेयोतील आयरिश भाषक जनता त्याला 'दोरीवाला डेनिस' म्हणू लागली. अशा घरात, सत्तेच्या सावलीत, हाऊ पीटर १८ मे १७८८ रोजी जन्मला. त्याची आई लुईसा ही १७९४ च्या आरमारी विजयामुळे प्रसिद्धी पावलेल्या अ‍ॅडमिरल लॉर्ड हाऊची कन्या. मुलाच्या नावातील 'हाऊ' हे या आजोबांचे होय.

तारुण्य, प्रवास आणि तुरुंग

ईटन व केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर, १८०९ साली पिता वारल्याने एकविसाव्या वर्षाच्या आतच तो मार्क्वेस झाला. पुढील वर्षी तो ग्रीसकडे निघाला. अथेन्समध्ये त्याची कवी बायरनशी गाठ पडली व दोघांनी काही वाट बरोबर चालली. मायसीनी येथील 'अ‍ॅट्रियसचा खजिना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन समाधीच्या दाराचे नक्षीदार स्तंभ त्याने तेथील तुर्की पाशाच्या अनुमतीने उचलले आणि वेस्टपोर्टला पाठविले. तेथे ते तळघरात पडून राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ओळख पटल्यावर ब्रिटिश म्युझियमला देण्यात आले. दुसऱ्यांच्या देशातील वस्तू आपल्या अंगणात आणून टाकण्याची उमरावांची ही हौस त्या काळी कोणालाही खटकत नसे.

या प्रवासासाठी त्याने माल्टा येथे एक जहाज भाड्याने घेतले होते. खलाशी कमी पडू लागले, तेव्हा ब्रिटिश आरमारातील काही खलाशांना फूस लावून त्याने आपल्या जहाजावर ठेवले. नेपोलियनशी युद्ध चालू असताना हा गुन्हा क्षुल्लक नव्हता. डिसेंबर १८१२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. शिक्षा झाली ती पाच हजार पौंड दंड आणि न्यूगेटच्या तुरुंगात चार महिने. ज्याच्या घराण्याने तिसरी पिढी माणसे विकत घेऊन राबविली होती, तो दुसऱ्याची माणसे पळविल्याबद्दल तुरुंगात गेला, आणि तीही फक्त राजाची म्हणून. त्या काळच्या कायद्याची ही तऱ्हा नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

त्या खटल्याच्या न्यायपीठावर सर विल्यम स्कॉट हा आरमारी न्यायालयाचा विख्यात न्यायाधीश होता. तरुण मार्क्वेसला त्याने कडक शब्दांत समज दिली. न्यायालयात उपस्थित असलेल्या विधवा आईने त्या उपदेशाबद्दल त्याला चिठ्ठी पाठविली, असे सांगतात. कसेही असो, १८१३ च्या एप्रिलमध्ये लुईसा व स्कॉट यांचा विवाह झाला आणि शिक्षा सुनावणाऱ्या पीठावरचा हा न्यायाधीश स्लायगोचा सावत्र पिता बनला. हा विवाह सुखाचा ठरला नाही.

ही गोष्ट केवळ मनोरंजक म्हणून सांगितलेली नाही. हाच स्कॉट पुढे लॉर्ड स्टोवेल झाला आणि १८२७ साली त्याने ग्रेस नावाच्या गुलाम स्त्रीच्या खटल्यात निर्णय दिला. अँटिगा बेटावरील ही स्त्री मालकिणीबरोबर इंग्लंडमध्ये वर्षभर राहून परतली होती. इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवल्याने ती मुक्त झाली की नाही, असा प्रश्न होता. स्टोवेलने ठरविले की, इंग्लंडमध्ये मालकाचा हक्क फक्त स्थगित असतो. गुलाम वसाहतीत परतला की तो पुन्हा जागा होतो. ग्रेस गुलाम ठरली. १७७२ च्या सॉमरसेट खटल्यापासून जी समजूत दृढ होत चालली होती, तिला यामुळे मोठी खीळ बसली. सावत्र पित्याने १८२७ साली जी मालकी कायद्याने पक्की केली, तीच मोडण्याचे काम पुढील दशकात सावत्र पुत्राच्या वाट्याला यावे, असा हा योग आहे.

१८१६ साली स्लायगोने क्लॅनरिकार्डच्या अर्लची कन्या हेस्टर हिच्याशी विवाह केला. त्यांना चौदा अपत्ये झाली. हेस्टरचा भाऊ युलिक याची पत्नी हॅरिएट ही १८५७ च्या उठावाच्या वेळी भारताचा गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड कॅनिंगची बहीण होती. आयर्लंडची जमीन, जमैकाची साखर आणि हिंदुस्थानचे राज्य ही सूत्रे मोजक्या कुटुंबांच्या सोयरिकीतून कशी गुंफली गेली होती, ते यावरून ध्यानात येते.

१८३३ चा कायदा : मुक्ती की उमेदवारी?

स्लायगोच्या जमैकातील कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. गुलामगिरीचा अंत लंडनच्या सभागृहात सुरू झाला नाही. १८३१ च्या नाताळात पश्चिम जमैकात सॅम्युअल शार्प या गुलाम धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली गुलामांनी काम बंद केले. मळे पेटले, हजारो लोक सामील झाले. चौदा गोरे मारले गेले. त्याच्या बदल्यात लढाईत आणि नंतर घाईने भरविलेल्या न्यायालयांतून शेकडो गुलामांना ठार करण्यात आले. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी झाली. गुलामगिरी टिकवावयाची तर असा रक्तपात पुन्हा पुन्हा करावा लागेल, ही जाणीव ब्रिटिश मंत्रिमंडळाला झाली ती या उठावामुळे.

ऑगस्ट १८३३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी रद्द केली. सुमारे आठ लाख माणसे, त्यांपैकी तीन लाखांवर एकट्या जमैकात. मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष २०१५ साली फिटला. गुलामांना एक कवडीही मिळाली नाही. उलट त्यांनी आणखी काही वर्षे 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे राबावे, असे ठरले. शेतावरील मजुरांसाठी ही मुदत सहा वर्षांची, म्हणजे १८४० पर्यंत होती. घरकाम करणाऱ्यांसाठी चार वर्षांची. आठवड्यातील साडेचाळीस तास विनावेतन काम सक्तीचे होते. जणू दोनशे वर्षे ऊस तोडणाऱ्यांना ऊस तोडण्याची उमेदवारी करावयाची होती! ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश या कायद्यातून वगळण्यात आले, हेही येथे लक्षात ठेवावे. हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ साली आला.

जमैकाचा गव्हर्नर

एप्रिल १८३४ मध्ये स्लायगो गव्हर्नर म्हणून जमैकात दाखल झाला. तो स्वतः मळ्यांचा मालक असल्याने मळेवाल्यांना तो आपलाच वाटला असावा. आरंभी त्याचे वर्तनही त्यांना फारसे प्रतिकूल नव्हते. ऑगस्ट १८३४ मध्ये सेंट अ‍ॅन परगण्यातील मजुरांनी, मुक्ती मिळाली तर फुकट काम कशाला, म्हणून कामास नकार दिला, तेव्हा स्लायगोनेच तेथे सैन्य धाडले. या प्रसंगाचा उल्लेख त्याच्या गौरवपर चरित्रांत ओझरताच येतो. मुक्तीचा अर्थ मजुरांना गव्हर्नरापेक्षा अधिक नेमका कळला होता, असेच म्हणावे लागते.

बदल झाला तो हळूहळू आणि कागदपत्रांतून. नव्या कायद्याने चाबकाचा अधिकार मालकाकडून काढून सरकारने नेमलेल्या पगारी दंडाधिकाऱ्यांकडे दिला होता. हे अधिकारी थोडे, अंतरे मोठी, पगार अपुरा, ताप-आजाराने अनेक जण दगावत. जे मळेवाल्याकडे जेवत व मुक्काम करत, ते त्याच्याच बाजूने निकाल देत. जे तसे करत नसत, त्यांच्यावर स्थानिक न्यायालयांत खटले भरले जात. स्लायगोने या दंडाधिकाऱ्यांकडून नियमित अहवाल मागविले, ते वाचले आणि प्रश्न विचारले. स्वतः सुधारगृहांची पाहणी केली. तेथे कायद्याची पळवाट कशी वापरली जाते, ते त्याला दिसले. नव्या कायद्याने स्त्रियांना फटके मारण्यास मनाई होती. परंतु दंडाधिकाऱ्याने शिक्षा म्हणून सुधारगृहात पाठविलेल्या स्त्रिया स्थानिक कायद्याच्या कक्षेत जात. तेथे पायऱ्यांचे एक मोठे फिरते चाक असे. कैद्याचे हात वर दांडीला बांधून त्याला त्या पायऱ्यांवर चालत ठेवीत. पाय चुकला की चाक नडग्यांवर आदळे, आणि थकलेल्या बाईवर मुकादमाचा चाबूक पडे. चाबकाला पर्याय म्हणून आणलेल्या यंत्राजवळ चाबूक उभाच होता.

स्लायगोने हा प्रश्न जमैकाच्या विधिमंडळापुढे मांडला. हे विधिमंडळ म्हणजे प्रामुख्याने मळेवाल्यांची सभा. त्यांनी गव्हर्नरावरच हक्कभंगाचा आरोप ठेवला आणि कामकाज बंद पाडले. स्थानिक वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठविली. १८३६ च्या आरंभी हा संघर्ष टोकाला गेला. लंडनमधील वसाहतमंत्री लॉर्ड ग्लेनेल्ग याने आपल्या गव्हर्नराला पाठीशी घालण्याऐवजी विधिमंडळाची समजूत काढण्याचा मार्ग धरला. हा ग्लेनेल्ग म्हणजे १८३३ चा कंपनीचा सनदी कायदा संसदेत मांडणारा चार्ल्स ग्रँट होय. स्लायगोने राजीनामा दिला आणि सप्टेंबर १८३६ मध्ये तो जमैका सोडून गेला.

त्याच्या जागी आलेला गव्हर्नर मराठी वाचकाला अनोळखी नाही. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुणे ताब्यात घेणारा आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बाजीरावाच्या सैन्यावर चालून जाणारा जनरल स्मिथ, ज्या लढाईत बापू गोखले पडले, तोच हा सर लायोनेल स्मिथ. मळेवाल्यांनी त्याचे आनंदाने स्वागत केले. पुढे त्याच्याशीही त्यांचे फाटले.

मार्च १८३८

आयर्लंडला परतलेला स्लायगो गप्प बसला नाही. इंग्लंडमध्ये वातावरण तापत होते. जोसेफ स्टर्ज हा क्वेकर व्यापारी १८३७ साली जमैकात फिरून आला. त्याने जेम्स विल्यम्स या अठरा वर्षांच्या उमेदवाराचे स्वातंत्र्य विकत घेऊन त्याला इंग्लंडला नेले आणि त्याने सांगितलेली हकीकत प्रसिद्ध झाली. फटके, फिरते चाक, बेड्या घातलेल्या स्त्रिया, हे सारे त्या तरुणाने नावानिशी सांगितले. स्लायगोने स्वतःही १८३८ साली उमेदवारी पद्धतीवर एक पुस्तिका लिहिली. तीवर लेखकाचे नाव न घालता 'एक मालक' असे छापले. माजी गव्हर्नर म्हणून नव्हे, मालक म्हणून तो बोलला. कारण मालकाची साक्ष मळेवाल्यांना परक्याची म्हणून फेटाळता येत नव्हती.

मार्च १८३८ मध्ये त्याने जाहीर केले की, १ ऑगस्ट १८३८ रोजी आपल्या जमैकी मळ्यांवरील सर्व उमेदवारांना, शेतमजुरांसह, आपण मुक्त करणार. एका मोठ्या मालकाने असे केल्यावर शेजारच्या मळ्यावरील मजुरांना आणखी दोन वर्षे जुंपून ठेवणे अवघड होणार, हे त्याला पुरते ठाऊक होते. घरकाम करणारे त्याच दिवशी कायद्याने मुक्त व्हावयाचे होते; मग शेतावरचे शांत कसे राहणार? जूनमध्ये जमैकाच्या विधिमंडळाने नाइलाजाने संपूर्ण उमेदवारी रद्द केली. १ ऑगस्ट १८३८ रोजी जमैकातील सर्व माणसे स्वतंत्र झाली.

या निर्णयाचे मोल करताना आकडे विसरून चालणार नाहीत. स्लायगोने सोडली ती दोन वर्षांची फुकटची मजुरी. हा त्याग खरा होता, आणि त्याच्या वर्गातील फार थोड्यांनी तो केला. परंतु दर माणशी सरासरी एकोणीस पौंड या हिशेबाने भरपाई त्याआधीच मंजूर झालेली होती. ज्या २८६ जणांमुळे ती मिळाली, त्यांतील बहुतेकांची नावे आज फक्त गुलामांच्या सरकारी नोंदवह्यांत उरली आहेत. त्या नोंदवह्या मालकांसाठी होत्या. नावेही बहुधा मालकांनीच ठेवलेली. केलीज् मळ्यावरील एखाद्या बाईला गव्हर्नर आणि मालक एकच असण्याचा अनुभव कसा आला, हे सांगणारे साधन उपलब्ध झाले, तर स्लायगोचे चरित्र पुन्हा लिहावे लागेल. तोवर त्याची प्रतिमा त्याच्याच पत्रांतून आणि अहवालांतून आपल्यापुढे येते, हे अभ्यासकाने ध्यानी धरावे.

मुक्त झालेल्या लोकांनी मात्र त्याच्याविषयी आपले मत एका वस्तूतून व्यक्त केले. जमैकातील कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढून त्याला चांदीची एक मोठी दीपवृक्षासारखी समई भेट दिली. ती वेस्टपोर्टच्या वाड्यात आली. ही कृतज्ञता कोणी शिकविलेली होती, असे समजण्याचे कारण नाही. तसेच तिच्यामुळे हिशेब पुरा झाला, असेही नाही.

स्लायगोव्हिल आणि नंतर

स्पॅनिश टाऊन या तत्कालीन राजधानीच्या उत्तरेस डोंगरात, बॅप्टिस्ट मिशनरी जेम्स फिलिपो याने १८३५ साली पंचवीस एकर जमीन घेऊन ठेवली होती. पूर्ण मुक्तीनंतर तिचे लहान तुकडे पाडून ते माजी गुलामांना विकण्यात आले. जमैकातील हे पहिले स्वतंत्र गाव. १८४० साली त्याला स्लायगोव्हिल हे नाव मिळाले. हे गाव का महत्त्वाचे, ते समजून घेतले पाहिजे. मुक्तीनंतर मळेवाल्यांनी मजुरांच्या झोपड्यांवर अवाच्या सवा भाडे लावले. कामावर या, नाहीतर घर सोडा, अशी अट घातली. स्वतःची एक-दोन एकर जमीन असलेला मनुष्य या अटीतून सुटत असे. स्वातंत्र्याला जमिनीचा आधार लागतो, हे त्या लोकांनी कोणाच्या पुस्तिकेतून शिकले नव्हते.

स्लायगो २६ जानेवारी १८४५ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे वारला. त्याच वर्षी शरद ऋतूत आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळ सुरू झाला. मेयो परगण्याला त्याची झळ सर्वांत भीषण लागली. त्याचा मुलगा जॉर्ज, तिसरा मार्क्वेस, याने वेस्टपोर्टचे श्रमगृह (वर्कहाऊस) काही काळ पदरच्या पैशाने चालू ठेवले. खंड थकलेल्या कुळांना हुसकावण्याचे पाऊलही त्यालाच उचलावे लागले. वाडा घराण्याकडे २०१७ पर्यंत राहिला.

जमैकात मळेवाल्यांना स्वस्त आणि बांधील मजूर हवेच होते. स्लायगोच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनी, १० मे १८४५ रोजी, ब्लंडेल नावाचे जहाज ओल्ड हार्बरच्या उपसागरात येऊन थांबले. केलीज् मळा ज्या सेंट डोरोथी परगण्यात होता, त्याचाच हा किनारा. जहाजातून उतरलेले सुमारे अडीचशे लोक कलकत्त्याहून करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर होते.